ऐतिहासिक कादंबऱ्या कुठल्या काळापासून वाचायला घ्याव्यात? की सरळ इतिहासच वाचावा?

प्रश्नाचा शेवटचा तुकडा वाचला आणि राहवेना. ‘की सरळ इतिहासच वाचावा?’ हे मी पंधरा वर्षांची असल्यापासून ऐकतेय, आमच्या दादाच्या तोंडून.

रणजित देसाईंची ‘स्वामी’, माधवराव पेशव्यांवरची कादंबरी, मी दोन रात्रींत संपवली होती. थेऊरला माधवराव जातात तिथे उशी भिजली. सत्ताविसाव्या वर्षी माणूस जातो हे आधीपासून माहीत होतं, तरी भिजली. सकाळी सगळ्यांसमोर त्यांच्या पत्नी रमाबाई त्यांना काय म्हणाल्या ते सांगायला लागले, तर दादा म्हणाला, “असं म्हणाल्याचं पत्र दाखव.” मी पत्र कुठून आणणार? सगळे हसले. रडारडीतून इतिहास कळत नसतो, हे वर ऐकवलं. पुढची चार वर्षं मी ऐतिहासिक कादंबरीला हात लावला नाही. त्या चार वर्षांचा राग अजून गेलेला नाही.

परत वाचायला लागले ती विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ कादंबरीमुळे. लढाईची तारीख, १४ जानेवारी १७६१, शाळेपासून पाठ होती. पण त्याआधी दोन-अडीच महिने छावणी तिथे अडकून पडली होती, रसद तुटली होती आणि लढणाऱ्यांच्या जोडीने बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे असे हजारो लोक उपाशी होते, हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. हे खरं असेल का, एवढ्या एका शंकेपायी मी इतिहासकार शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ वाचायला घेतलं. मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदीचं काय झालं, ते पेन्सिलीने खुणा करत वाचलं. ते पुस्तक दादाच्याच कपाटात होतं, पानं करकरीत. छावणीतली माणसं शेवटी काय खात होती, असं मी त्याला विचारलं. त्याला सांगता आलं नाही. माझ्या मते आमचा वाद तिथेच संपला. त्याला तो अजून मान्य नाही.

तर काळाचा क्रम लावत बसू नका. ज्या माणसाबद्दल किंवा घटनेबद्दल आधीच मनात काही टोचतंय, तिथून सुरुवात करा. आणि जमेल तिथे जोडीने वाचा. शिवाजी सावंतांची ‘छावा’ झाली की लगेच ना. सं. इनामदारांची ‘शहेनशहा’ घ्या. एकीत संभाजीराजे, दुसरीत औरंगजेब. शत्रूच्या तंबूत बसून तेच युद्ध बघितल्यावर पहिली कादंबरी पुन्हा उघडावीशी वाटते. विजयनगरसाठी हरिभाऊ आपट्यांची ‘वज्राघात’ आहे. भाषा जुनी आणि लांबण भरपूर, पण १५६५ च्या पाडावावर मराठीत मी दुसरं इतकं मन लावून वाचलेलं नाही. बाहेरचं हवं असेल तर टॉलस्टॉय. १८१२ चं युद्ध त्याच्या जन्माआधी सोळा वर्षं झालेलं, तरी ‘वॉर अँड पीस’मध्ये तो तिथे उभा असल्यासारखा लिहितो. उंबेर्तो एकोची ‘द नेम ऑफ द रोज’ १३२७ सालच्या इटलीतल्या मठात घडते. पहिली शंभर पानं दमवतात, सोडू नका.

एक मात्र सांगायला हवं. कादंबरीतला संवाद पुरावा म्हणून कुठेही फेकू नका. तिथे दादा बरोबर होता. लेखक नायकाला उजळ करतो आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी काळा करतो. ज्याचा तुम्हाला संताप येईल, ‘स्वामी’तला माधवरावांचा काका राघोबा म्हणा, त्याच्याबद्दल इतिहासकार काय लिहितात ते मुद्दाम शोधून वाचा.

आणखी एक, जे मला फार उशिरा दिसलं. पंधराव्या वर्षी रमाबाईंचं सती जाणं मला सुंदर वाटलं होतं. ती उशी त्यासाठीही भिजली होती. मागच्या वर्षी तीच पानं पुन्हा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. ऐन तारुण्यातली बाई चितेवर चढते आणि भाषा इतकी गोड की वाचणाऱ्या मुलीला ते प्रेम वाटावं. त्या सकाळी दादाने पत्र मागण्याऐवजी मला हे विचारलं असतं, तर मी त्याचं ऐकलं असतं.