परदेशातला कोणी प्रसिद्ध माणूस गेला की आपले लोक स्टेटस टाकतात, खरंच वाईट वाटतं का त्यांना?

वाटतं. सगळ्यांचं नाही, पण एखाद्याचं वाटतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडचा क्रिकेट अंपायर डिकी बर्ड गेला, ९२ वर्षांचा होता. मी स्टेटसला त्याचा पांढऱ्या टोपीतला फोटो टाकला तर पाच मिनिटांत चुलतभावाचा मेसेज, "तुझा कोण लागत होता रे तो?" ह्यामागे जुनं भांडण आहे.

मी ऑफिस लीगला अंपायरिंग करायचो, मॅटिंग, लेदर बॉल. एका मॅचला हाच चुलतभाऊ, आमचा दादा, ओपनिंगला, आणि तिसराच बॉल पॅडवर, बॅट कुठच्या कुठे. बोलर बोंबलला, मी बोट वर केलं. दादा जागचा हलेचना, मग बॅट आपटत गेला आणि संध्याकाळी काकूसमोर म्हणतो कसा, पहिल्या ओव्हरला एलबी (पायचीत) कोण देतं, डिकी बर्डनेही दिलं नसतं. आता बर्ड एलबी द्यायला महाकंजूष हे जगजाहीर, त्यामुळे मी गप्प बसलो. आख्खी दिवाळी माझ्याशी बोलला नाही.

उत्तर खरं तर समोरच होतं. १९९६, लॉर्ड्स. गांगुली-द्रविडची पहिली टेस्ट तीच बर्डची ६६वी आणि शेवटची. दोन्ही टीम दुतर्फा उभ्या राहून टाळ्या वाजवतायत, हा बाबा डोळे पुसत मैदानात येतो आणि पहिल्याच ओव्हरला श्रीनाथच्या बॉलवर आथरटनला एलबी देतो. इंग्लंडचा कॅप्टन, शून्यावर! पायचीत म्हणजे पायचीत, ओव्हर कुठली का असेना. ते स्कोअरकार्ड मी परवा दादाला पाठवलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

तर कोण लागत होता? मी आरशासमोर त्याच्यासारखं बोट वर करून बघायचो, एवढंच नातं. बार्न्सलीला, त्याच्या गावी, त्याचा बोट वर केलेला पुतळा आहे, लोक त्या बोटाला काहीबाही अडकवून ठेवायचे म्हणून शेवटी चबुतरा उंच करावा लागला. असल्या माणसाचं वाईट वाटणारच.

बाकी ज्याचं नाव सकाळच्या बातमीतच पहिल्यांदा वाचलं त्याला दुपारी भावपूर्ण श्रद्धांजली वाहणारेही आहेत, ते ढोंगच. आणि हो, दादाचा बॉल लेगस्टंपच्या बाहेर जात असेलही, म्हणजे तो आऊट नसेलही, मी तेव्हा नवखा होतो आणि बोलर फारच जोरात ओरडला. पण भांडण ओव्हरवरून होतं, लेगस्टंपवरून नाही.