सर्व्हे नंबरातला डॉट

प्रश्न: मी फोंड्याला एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. क्लायंट आणि सर्व्हेयर आम्हाला आउटलुकवर एक-चौदाचे उतारे (जमिनीच्या नोंदीचे), सेल डीड, प्लॅन असं सगळं पाठवतात. ते आपोआप फोल्डरात सेव्ह व्हावं आणि नावामागे तारीख लागावी म्हणून ओळखीच्या एकाने मॅक्रो, म्हणजे आउटलुकमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून दिलाय. बऱ्याच फाईली नीट जातात, पण काही उघडतच नाहीत, आणि परवा तर एक उतारा गायबच झाला. मॅक्रोत स्प्लिट वापरून नावाचे डॉटवर तुकडे केलेत, पहिला तुकडा नाव आणि दुसरा एक्स्टेंशन. चुकतंय कुठे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, चूक त्या "दुसरा तुकडा"मध्येच आहे, आणि आपल्या गोव्यात ती हमखास बाधते. सर्व्हे नंबर आपण 112/3 असा लिहितो, पण फाईलच्या नावात विंडोज तिरकी रेघ घेत नाही, मग लोक काय करतात तर 112.3.पीडीएफ असं नाव ठेवतात. आता स्प्लिटने याचे तीन तुकडे पडतात, 112, 3 आणि पीडीएफ. तुमचा मॅक्रो दुसरा तुकडा उचलतो म्हणजे 3, आणि फाईल सेव्ह होते तारीख लागून .3 या एक्स्टेंशनने, मग विंडोजला कळणार कसं ती कशात उघडायची ते.

उतारा गायब होण्याचं कारणही हेच असणार. समजा त्याच दिवशी सर्व्हेयरने 112.3.डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाईल) असा प्लॅन पाठवला, तर त्याचंही नाव अगदी तेच होतं, आणि सेव्हअ‍ॅजफाईल (मॅक्रोतली सेव्ह करायची कमांड) काहीही न विचारता जुन्या फाईलवर नवी लिहून टाकतं. जमिनीच्या कामात हे फार वाईट, म्हणून आधी हे थांबवा.

कापायचं ते शेवटच्या डॉटवर. त्यासाठी इन्स्ट्ररेव्ह हे फंक्शन आहे, ते उजवीकडून शोधतं पण जागा मात्र डावीकडून मोजून सांगतं. 112.3.पीडीएफमध्ये ते 6 देईल. लेफ्टने त्याच्या एक कमी, म्हणजे 5 अक्षरं घ्या, हे नाव. मिडने 6 पासून पुढचं घ्या, हे डॉटसकट एक्स्टेंशन. मधे तारीख जोडली की झालं.

डॉट नसलाच तर इन्स्ट्ररेव्ह शून्य देतं, मग लेफ्टला उणे एक जातं आणि एरर 5 येऊन मॅक्रो तिथेच थांबतो, म्हणून शून्य आहे का ते आधी इफने बघा. आणि कोणी नुसतंच "सर्व्हे 112.3" नाव दिलं तर 3 हेच एक्स्टेंशन समजलं जाईल, यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय, तुमच्याकडे येणाऱ्या चार-पाच एक्स्टेंशनची यादी मॅक्रोत ठेवा आणि यादीत नसेल ते वेगळ्या फोल्डरात टाका. जुळवताना एलकेस लावा, ते सगळी इंग्रजी अक्षरं छोटी करतं, कारण स्कॅनर कधी कधी एक्स्टेंशन मोठ्या लिपीत (कॅपिटलमध्ये) देतो आणि मग ते जुळत नाही.

सेव्ह करण्याआधी त्या नावाची फाईल आहे का तेही तपासा, असली तर पुढे क्रमांक लावा. यासाठी डिर हे फाईल शोधणारं फंक्शन वापरू नका, देवनागरी नावांत ते गोंधळतं, फाइलसिस्टिमऑब्जेक्टचं फाइलएक्झिस्ट्स बरं.

आता ज्या फाईली .3 होऊन बसल्यात त्या आतून जशाच्या तशा आहेत, फक्त नाव बिघडलंय. कॉपी करून नोटपॅडमध्ये उघडा, सगळं अगम्य दिसेल पण सुरुवातीला टक्क्याची खूण आणि पीडीएफ दिसलं तर एक्स्टेंशन पीडीएफ करा, एसी आणि पुढे आकडे दिसले तर तो डीडब्ल्यूजी प्लॅन. गायब झालेला उतारा फोल्डरात शोधत बसू नका, मॅक्रो मेलमधून अटॅचमेंट काढून टाकत नसेल तर तो मूळ मेलमध्येच आहे, तिथून हाताने सेव्ह करा.