‘मामा येऊन राहिला’ : आला, की येतोय?

प्रश्न असा आलाय : ‘माझ्या कथेत एक वाक्य आहे, “मामा येऊन राहिला होता. मायनं चुलीवर चहा ठेवला.” पुण्याच्या मैत्रिणीनं वाचून विचारलं, मामा किती दिवस राहिला? निवेदनात हा प्रयोग चालतो का, की सरळ “येत होता” करून टाकू?’

मैत्रिणीनं वाचलं ते तिच्या मराठीत बरोबरच आहे. ‘येऊन राहिला’ म्हणजे आला आणि मुक्काम ठोकला. आपल्याकडे मात्र, अकोला-अमरावतीपासून नागपूरपर्यंत, ही चालू क्रिया. ‘काय करून राहिला बे?’ असं कोणी विचारलं की ‘जेवून राहिलो’ हेच उत्तर येतं. मुक्काम सांगायचा तर आपण दिवस जोडतो : ‘मामा चार दिवस येऊन राहिला’. नकारात तर दोन्ही अर्थ वेगळेच होतात. ‘मामा येऊन नाही राहिला’ म्हणजे तो काही येत नाहीये. ‘येऊन राहिला नाही’ म्हणजे आला, पण थांबला नाही.

यावर लगेच कोणीतरी म्हणतंच, ही हिंदीची नक्कल. हिंदीचा शेजार खराच. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि 1956 पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशातच होता. पण हिंदीत नुसता धातू येतो, ‘आ रहा है’. आपण ‘येऊन’ म्हणतो, म्हणजे ऊन-प्रत्यय मराठीचा आणि ‘राहणे’ही मराठीचंच. साचा शेजारचा असेल, माल घरचा आहे. शिवाय ‘मले भूक लागून राहिली’ यात भूक वाढत चालल्याचं जे कळतं, ते ‘भूक लागली आहे’मध्ये येत नाही. कथा लिहिणाऱ्यानं असला फरक सोडू नये.

आता निवेदनाचं. संवादात तर प्रश्नच नाही, तिथे माणूस बोलतो तसंच बोलणार. निवेदनात आधी ठरवायचं की गोष्ट सांगतंय कोण. तुमच्या कथेत गावातली पोरगी सांगते आहे, ‘माय’ म्हणते आहे. तिच्या तोंडी ‘येत होता’ घातलं तर ती एकदम शाळेच्या निबंधात शिरते. उलट निवेदक बाहेरचा, प्रमाण मराठीतला असता, तर मधेच आलेलं एकटं ‘येऊन राहिला’ खड्यासारखं लागलं असतं. अर्धं इकडचं आणि अर्धं तिकडचं निवेदन मला वाचवत नाही, मग कथा कितीही चांगली असो.

त्याहून डोक्यात जातो तो दुसरा प्रकार. निवेदन सगळं शुद्ध, मालक शुद्ध, मालकाचा पोरगाही शुद्ध, आणि वऱ्हाडी बोलतो फक्त सालदार. तोही वाचकाला हसवायला. अरे, त्या मालकाच्या घरात रात्री जेवताना काय बोलतात ते ऐका एकदा!

बोली आणायची म्हणून प्रत्येक ‘ळ’चा ‘य’ करण्याचीही गरज नाही. डोया, काया, जवय, केये असं ओळीओळीला आलं की वाचणारा गोष्ट सोडून अक्षरं सोडवत बसतो. एखादा ‘डोया’ पुरतो. बाकी काम क्रियापदं करतात. आमच्या आजीच्या गोष्टीतला राजा कधी ‘म्हणाला’ नाही. राजा म्हनते, रानी म्हनते, मंग तो वाघ म्हनते. पुल्लिंग असो की स्त्रीलिंग, ‘म्हनते’च. त्या जागी ‘म्हणाला’ घातलं की वाघ जुना होतो. ‘म्हनते’मध्ये तो अजून समोर उभा असतो. मुद्रितशोधक याला लिंगाची चूक समजून खूण करतात. तिथे वाद घालायचा.

इंग्रजी अमदानीतला अधिकारी जॉर्ज ग्रियर्सन यानं भारतातल्या भाषांची पाहणी केली होती. तिचा सातवा खंड मराठीचा, 1905 सालचा. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीचे नमुने आहेत. नमुना म्हणून शब्दांच्या यादीसोबत एक गोष्टही बोलीबोलीत सांगायला लावली होती, घर सोडून पैसा उधळणाऱ्या आणि परत येणाऱ्या मुलाची. मला ही युक्ती फार आवडते. यादीत शब्द सापडतात, पण क्रियापद कसं वळतं ते कोणी गोष्ट सांगायला लागला की कळतं.

तर तुमचं वाक्य ठेवा. फक्त मामाला वाटेवर दाखवा : ‘पांदणीतून मामा येऊन राहिला होता, डोक्यावर बोचकं. मायनं चुलीवर चहा ठेवला.’ मैत्रीण आता मुक्कामाचे दिवस मोजणार नाही. तळटीप मात्र देऊ नका, आणि कंसात अर्थ तर अजिबात नको. राहता राहिलं शुद्धलेखन, ‘राहिला’ की ‘राह्यला’. मी ‘राहिला’च लिहितो, वाचणारा आपल्याकडचा असला तर तो ते ‘राह्यला’च वाचते.