आधी कशासाठी ते सांग

बेटा,

तुझी फाईल वाचली. अख्खी वाचली, शेवटच्या पानावरच्या शिक्क्यासकट. ज्या एजंटानं बनवून दिली त्यानं पैसे बरे घेतले असतील, कागद जाड आहे. घराच्या मागच्या पत्र्याखाली केळीच्या वेफर्सचं युनिट. स्लायसर, कढई, तेल निथळायचं मशीन, पाकिटं भरायचं मशीन. पहिल्या वर्षी एवढी विक्री, दुसऱ्या वर्षी त्याच्या दीडपट, तिसऱ्या वर्षी आणखी वर. इतकी वर्षं वाळवणाचा धंदा करते मी, माझे आकडे असे शहाण्यासारखे ओळीनं कधी चढले नाहीत.

त्या दिवशी तू आलास तेव्हा मी एकच गोष्ट विचारली होती. कशासाठी? तू म्हणालास, "काहीतरी तर करावंच लागंल ना, मावशी." परत विचारलं तर म्हणालास, "घरासाठी." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुझी आई मध्ये पडली, "त्याले नका बोलू जास्त, आधीच डोकं फिरेल आहे त्याचं." मग मी गप्प बसले. पत्रात मध्ये बोलायला तुझी आई नाही, म्हणून पत्र.

चाकणची नोकरी गेली त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. कॉन्ट्रॅक्ट होतं, संपलं. तू कामसू आहेस हे मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे, त्यावर शाई कशाला घालवायची? मला राग आहे तो वेगळाच. रावेर-यावलकडे केळी आहे म्हणून वेफर्स, एक जिल्हा एक उत्पादनात जळगावचं नाव केळीला आहे म्हणून वेफर्स, पस्तीस टक्के सबसिडी आहे म्हणून वेफर्स. सगळ्या "म्हणून"मध्ये तू कुठे आहेस?

सबसिडीचं आधी सांगून टाकते, कारण एजंटानं सांगितलेलं दिसत नाही. २०२० साली आलेली ही सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना खोटी नाही. पस्तीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, हेही खरं. पण ती रक्कम तुझ्या हातात पडत नाही. कर्ज बँक देते, किमान दहा टक्के तू घालायचे, आणि सबसिडी तुझ्या नावानं बँकेत वेगळी पडून राहते. तीन वर्षं युनिट चालू राहिलं, खातं थकलं नाही, तर ती कर्जात वळती होते. म्हणजे तीन वर्षं हप्ता चुकवायचा नाही. ज्याला आपण कशासाठी राबतोय ते माहीत आहे तो तीन वर्षं काढतो. "काहीतरी करायचं" म्हणून सुरू करणारा दुसऱ्या पावसाळ्यात स्लायसर विकायला काढतो. गावोगाव पत्र्याखाली झाकून ठेवलेली मशीनं तूही पाहिली असशील.

आता तुझ्या फाईलमधलं खरं पान. स्लायसरचं कोटेशन आहे ना, त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं दिसलं. मला वाटलं हिशोब असेल. चष्मा लावून पाहिलं तर: हतनूर, चांगदेवची बाजू, सकाळी. लालसरी, पुढे आकडा. तलवार बदक, पुढे आकडा आणि प्रश्नचिन्ह. चक्रवाक, जोडी. खाली वाऱ्याची दिशा. इतक्या बारीक, नीट अक्षरात तू त्या फाईलमध्ये दुसरीकडे कुठेही सहीसुद्धा केलेली नाहीस.

मला आठवलं, तू अकरावीत होतास तेव्हा कुणाची तरी दुर्बीण मागून आणायचास आणि थंडीच्या दिवसांत सायकलवर हतनूर धरणावर जायचास. तापी-पूर्णेच्या संगमापासून खाली धरणापर्यंत पाण्याच्या कडेकडेनं हिंडायचं, कुठलं पाखरू कधी आलं, कधी गेलं ते वहीत मांडायचं, आणि एक अख्खा हिवाळा, नोव्हेंबर ते मार्च, एकही सकाळ न चुकवता अशी नोंद करायची, असं तू माझ्याच ओट्यावर बसून सांगितलं होतंस. मग डिप्लोमा, मग चाकण, मग शिफ्ट. वही कुठे गेली? मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. पण कोटेशनच्या पाठीवर ती सापडली.

हे तुझं "कशासाठी". आधी हे सांग, मग धंदा काय ते ठरव. उलटं करू नकोस.

आता तू लगेच म्हणशील, मावशी, मग पक्षी दाखवायचाच धंदा करू का, बाहेरच्या लोकांना फिरवून आणू का. नाही! हल्ली जो तो सांगतो, छंदाचा धंदा करा. मला हे अजिबात पटत नाही. पाखरांना धंद्यात ओढलंस की रविवारी गिऱ्हाईक रुसतंय का हे बघत बसशील, पाखरू बघणार नाहीस. पाखरं हे कारण आहे. धंदा हे साधन आहे. दोन्ही एका ताटात वाढायची काही गरज नाही.

माझंच सांगते. माझे वडील एसटीत ड्रायव्हर. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायची, आणि माझं लक्ष खिडकीबाहेर नसायचं, त्यांच्या हाताकडे असायचं. मला गाडी चालवायची होती. तोरणमाळचा सात पायरीचा घाट स्वतःच्या हातानं चढवायचा होता. हे मी घरात कुणाला बोलले नाही, बोलायची सोय नव्हती. लग्न होऊन भुसावळला आले. आमचे हे रेल्वेत, पगार बेताचा, घरात माणसं भरपूर. पापड लाटायला बसले. कशासाठी? घरखर्चाला हातभार. अनेक वर्षं तोच हातभार. त्या पैशांचं काय झालं असं कुणी विचारलं तर मला एक वस्तू दाखवता येत नाही. दिराच्या शेतातली बोअर, कुणाचं बाळंतपण, कुणाचा दवाखाना, दिवाळी. वाईट कुठेच गेले नाहीत. पण घराला तळ नसतो बेटा, कितीही ओता. आणि ज्या कामाचा पैसा दिसतच नाही, त्या कामात हात चालतात, डोकं चालत नाही. त्या सगळ्या वर्षांत मी भाव वाढवला नाही, नवं गिऱ्हाईक शोधलं नाही, व्यापारी म्हणेल त्या दरानं माल दिला. कुणासाठी भांडायचं तेच माहीत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात मी ठरवलं, किलोमागे दहा रुपये गाडीचे. घराचे घराला, पण हे दहा गाडीचे. त्या दिवसापासून मी व्यापाऱ्याशी भांडायला लागले. दहा रुपये त्याच्याकडूनच काढायचे होते ना! उडदाच्या पापडांवर भागेना, म्हणून ज्वारीच्या पापडांकडे, आपल्या बिबड्यांकडे वळले, कारण बिबडे करायला लोक कंटाळतात आणि खायला जीव टाकतात. अन्नपरवान्याची साधी नोंदणी केली. तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाची फी शंभर रुपये होती. पाकिटावर चौदा आकडी नंबर आला आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत माल जायला लागला. हे सगळं घरखर्चाच्या हातभारानं सुचलं नाही, गाडीनं सुचवलं.

मध्ये पुतणीचं लग्न निघालं. गाडीच्या पैशांवर सगळ्यांची नजर. मी दिले नाहीत. घराच्या हिश्श्यातून दिले, वर रात्र-रात्र बसून लग्नाचे पापड फुकट करून दिले, पण ते पैसे दिले नाहीत. जाऊबाई वर्षभर बोलल्या नाहीत. अजूनही कुठल्या कार्यक्रमात भेटलं की म्हणतात, "हिनं पापडाच्या पैशांची गाडी घेतली." हो, घेतली. जुनी ओम्नी, रंग उडालेली. लग्न थाटात झालंच ना? मुलगी सुखात आहेच ना? मग माझ्या त्या पैशांनी कुणाचं काय अडलं? मला स्वार्थी म्हणणाऱ्यांनी माझ्या हातची बिबडी खाणं काही सोडलेलं नाही, एवढंच मी म्हणेन. ओम्नीनं पुढे माल पोचवायचंही काम केलं, पण ते मी कधी कारण म्हणून सांगितलं नाही. मला गाडी पाहिजे होती. बस.

तोरणमाळला गेले, घाट चढवला. फार उशिरा. आता अंधारात समोरच्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपतात, दिवेलागणीच्या आत घरी यावं लागतं. पस्तिशीत घेतली असती तर रात्रीचीही चालवली असती. म्हणून तुझ्यावर चिडते मी. तू अजून तिशीचाही नाहीस.

आता तुझा हिशोब मांड. एक हिवाळा, सकाळच्या वेळेपुरता तरी, मोकळा पाहिजे. चांगली दुर्बीण पाहिजे, उसनी नको. घरी ठरलेली रक्कम द्यायची, ठरल्या तारखेला. ही तुझ्या धंद्याची मापं. या मापात वेफर्स बसतात का बघ. केळी कच्ची आणि भरलेली पाहिजेत, रोज आणायची, आणली की तळायची. बाजारात भाव चढला की तुझी पहाट तिथेच. श्रावण, नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र, उपास आला की मागणी. बँकेचा हप्ता डिसेंबरातही येतो. लालसरी पण डिसेंबरातच येते. दोघांपैकी कोण थांबेल? वेफर्सचा धंदा वाईट नाही, चालवणारे छान चालवतात. तुझ्या कशासाठीला तो बसत नाही, एवढंच.

वाळवण बसतं. पाखरं परतायला लागतात तेव्हा आपलं ऊन तापायला लागतं. फाल्गुनापासून मेअखेरपर्यंत मान मोडून काम, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी परत जाताना डबे भरून नेतात, बाहेरगावच्या मागण्या तेव्हाच, पाऊस पडला की पसारा आवरला. पुढे फक्त पाकिटं भरणं आणि पाठवणं, ते दुपारीही होतं. कर्ज लागलंच तर थोडं. मोठी कढई, कापडं, गच्ची, आणि ज्वारी.

पण बिबडे सोपे नाहीत, आईच्या हातचे खाल्ले म्हणून येत नाहीत. ज्वारी आपली दादर घ्यायची. तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, आंबूस वास यायला लागला की उपसून भरडायची. आधणात लसूण, मिरची, तीळ, मीठ, आणि घाटा घोटायला दोन माणसांचे दंड. घाटा कच्चा राहिला तर वाळताना चिरा पडतात, आणि तो शिजला की नाही हे पुस्तकात लिहिलेलं नाही. ऊन वर यायच्या आत ओल्या कापडावर थापून व्हावं लागतं. संध्याकाळी कापड उलटं करायचं, पाठीवर पाणी शिंपडायचं, मग बिबडं अलगद सुटतं. घाई केली की कापडाला चिकटून राहतं. आणि एप्रिलात ढग आलं तर अर्धवट वाळलेला सगळा माल वास मारतो, त्याची भरपाई कुठल्याच योजनेत नाही. त्या दिवशी गच्चीवर उभं राहून तुला एकच गोष्ट धरून ठेवेल. माझ्या बाबतीत ती गाडी होती. "घरासाठी" म्हणणारा त्या दिवशी खाली उतरतो आणि परत वर येत नाही. मी पाहिलेत असे.

तुला वाटेल, मावशी आपलाच धंदा गळ्यात मारते आहे. मारते आहे थोडा. पण तुझं कशासाठी वेगळं असतं, समज तुला उन्हाळाभर सातपुड्यात हिंडायचं असतं, तर मीच तुला म्हटलं असतं, वाळवणाच्या वाटेला जाऊ नकोस. तेव्हा मला उत्तर पाठव ते धंद्याचं नको. हिवाळा कुठला, दुर्बीण कितीची, घरी किती देणार, एवढं लिहून पाठव. दुर्बिणीची किंमत दुकानात विचारून लिही, अंदाजानं नको. किंमत माहीत नसलेल्या गोष्टीसाठी कुणी किलोमागे दहा रुपये बाजूला काढत नाही.

आणि आईला स्वतः सांग. "पोराला पाखरांचं वेड लागलं" असं ती म्हणेल, म्हणू दे. तिचा हिस्सा दर महिन्याला तिच्या हातात पडला की ती बोलेल कमी. नाही पडला तर मीच तुझ्या विरुद्ध तिच्या बाजूनं उभी राहीन.

महाशिवरात्र झाली की माझा पहिला घाटा लागतो. नवी दादर निघेपर्यंत गेल्या वर्षीची वापरते. या सिझनला माझ्याकडे काम कर. मजुरी बायकांना देते तीच तुला, पुरुष म्हणून रुपया जास्त नाही. पहाटे पाचला यायचं, सहाला आलास तर परत जायचं. तोवर धरणावर जाऊन घे, पाखरं अजून आहेत.

तुझी,
मावशी