देवाला वाहून घेतलं की माणूस मोठा होतो की पुसला जातो?

तुम्ही विचारलंय : "स्वतःला देवाच्या सेवेत वाहून घे, आयुष्य मोठं होईल, असं घरी सारखं ऐकते. मला तर ते स्वतःला पुसून टाकणं वाटतं. कुणाला खरंच वेगळा अनुभव आहे का?"

तुमची भीती खोटी नाही. मी पुसून गेलेली माणसं पाहिली आहेत आणि दोनेक वर्षं मीही त्याच वाटेवर होते. त्याबद्दल पुढे सांगते. आधी पंडिता रमाबाईंबद्दल लिहिते. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. आमच्या बैठकीच्या खोलीत त्यांचा फोटो होता, आणि तुमचा हा प्रश्न मी मनातल्या मनात त्यांनाच कितीदा विचारला आहे.

रमाबाई १८५८ सालच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने मुलीला. भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला मुखोद्गत. सोळाव्या वर्षी दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ मोठी बहीण गेली. मग भावाबरोबर चार हजार मैलांची पायपीट. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली तेव्हा त्या जेमतेम वीस वर्षांच्या होत्या. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही कॉलऱ्याने गेले. पदरी लहानगी मनोरमा.

इथवर जे मोठेपण होतं ते त्यांचं स्वतःचं होतं, बुद्धीचं आणि कष्टाचं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुमच्या प्रश्नासाठी मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर जे घडलं ते. तिथल्या मठातल्या ख्रिस्ती जोगिणींना वाटलं, आता ही आमच्या शिस्तीत मुकाट राहील. रमाबाई राहिल्या नाहीत. त्यांतल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा कितीतरी पत्रव्यवहार झाला, आणि त्यात त्यांनी ठणकावून लिहिलं की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, स्वतःचा निर्णय आहे. त्या शाकाहारी होत्या, शाकाहारीच राहिल्या. जे पटलं नाही त्यावर वाद घातला. देवापुढे गुडघे टेकले म्हणून धर्माधिकाऱ्यांपुढे मान तुकवली नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा खूप सुटल्यासारखं वाटलं.

कारण माझ्या बाबतीत उलटं झालं होतं. यजमान गेल्यावर मी एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात पडले. तिथे 'समर्पण' हा शब्द रोज कानावर यायचा. हिशेब विचारला की समर्पण कमी, घरी लेकीला ताप आहे म्हटलं की समर्पण कमी. दोन वर्षांत मी इतकी चिडचिडी आणि लहान झाले की माझ्या बहिणीने मला हाताला धरून बाहेर काढलं. मी देवाला नाही, त्या माणसांच्या सोयीला वाहून घेतलं होतं. तुम्ही ज्याला पुसून टाकणं म्हणता ते हेच असेल, तर तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. त्यापासून दूरच राहा.

मग रमाबाईंनी सोडलं तरी काय? माझ्या मते त्यांनी स्वतःची पंडिता म्हणून असलेली किंमत जपणं सोडलं. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या समाजाने डोक्यावर घेतलं होतं त्यानेच पाठ फिरवली. (त्या काळच्या हिंदू पालकांची भीतीही मला समजते. मुलगी आपल्यापासून तुटेल ही भीती साधी नसते.) नावाला जपणारं माणूस इथे आटून गेलं असतं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन परत आल्या. स्वतःच्या तरुणपणीचा दुष्काळ त्यांना आठवत होता. पुण्यात प्लेग आला तेव्हा केडगावच्या माळावर, घेतलेल्या शेतजमिनीवर, 'मुक्ती' हे त्यांचं आश्रयस्थान उभं राहिलं. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तिथे दीड-दोन हजार जीव होते. एवढ्यांना रोज जेवायला घालायचं म्हणजे काय, हे ज्याने पंगतीला पन्नास माणसं वाढली आहेत त्याला विचारा. विहिरी खोदायच्या, गुरं सांभाळायची, तेलघाणा, माग, छापखाना. छपाईचे खिळे जुळवायला बायकाच. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून अंध मुलींना शिकवायला सुरुवात केली. संस्कृत पोथ्यांत वाढलेल्या बाईला विहिरीचं पाणी आणि गुरांची वैरण कळू लागली. आयुष्य मोठं होणं मला तरी असंच दिसतं. आपल्या एका जिवात इतरांची आयुष्यं येऊन राहतात, आणि त्यांच्यासाठी आपल्याला नवनवं शिकावं लागतं.

मला सगळ्यांत हलवून टाकतं ते त्यांचं शेवटचं काम. मराठी बायबल तेव्हाही होतं, पण संस्कृताने जड झालेलं. दुष्काळातून आलेल्या, नुकती अक्षरं ओळखू लागलेल्या बायकांना ते कळेना. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत सगळं नव्याने भाषांतर करायला बसल्या. अठरा हजार श्लोक पाठ असलेली बाई शब्द निवडताना विचार करायची, हा त्या मुलीला कळेल का? त्यांनी संस्कृत टाकलं नाही, त्याचा डौल तेवढा बाजूला ठेवला. कित्येक वर्षं हे काम चाललं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. तरीही त्यांनी ते पूर्ण केलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. देवाला वाहून घेतलं म्हणून दुःख टळलं नाही, हे कुणी लपवू नये.

माझं काम यापुढे नखाएवढं आहे, आणि खरोखर नखांचंच आहे. गेली काही वर्षं दर शनिवारी मी एका वृद्धाश्रमात जाते, म्हाताऱ्या माणसांची पायाची नखं कापते. कोमट पाण्यात पाय भिजवायचे, मग कापायची. सुरुवातीला कुणी 'देवमाणूस' म्हणालं की दिवसभर बरं वाटायचं. तिथे एक आजी होत्या, कधी आभार मानले नाहीत, उलट शिव्या द्यायच्या. मी घरी येऊन रडायचे. एका शनिवारी त्यांच्या टाचेची भेग साफ करताना लक्षात आलं की अर्धा तास झाला, मला माझी आठवणच झालेली नाही. टाच होती, पाणी होतं, आणि प्रभू तिथे होता. इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. पुढे त्याच आजींनी मला गोधडीचा टाका शिकवला, शिव्या देत देत.

तुम्हाला करून बघायचं असेल तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं एखादं काम धरा आणि देवाला सांगून ते काही महिने करा. मध्येच कुणी 'प्रश्न विचारू नकोस' म्हणालं तर तिथून उठा, काम दुसरीकडे करा. आणि जमलं तर एकदा केडगावला जाऊन या. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने साठेक किलोमीटर आहे, मुक्ती मिशन आजही चालू आहे.