घरातले स्मार्ट बल्ब आणि प्लग सारखे वायफायवरून सुटतात, फोन-लॅपटॉप मात्र व्यवस्थित चालतात. राऊटर बदलावा का?

नका बदलू. निदान लगेच तरी नका.

फोन व्यवस्थित चालतो म्हणून वायफाय चांगलं आहे, असं होत नाही. वायफायचे दोन पट्टे असतात, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. फोन बहुतेक वेळ ५ वर असतो. बल्ब, प्लग, गीझरचे स्विच हे जवळजवळ सगळे फक्त २.४ वर चालतात. हे एका आयटीतल्या माणसाला पटवता पटवता माझा अख्खा पावसाळा गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची परळची चाळ पडून टॉवर झाला. चाळीत प्लायची पार्टिशनं होती, जुनाट राऊटर फळीवर पडलेला असायचा आणि सगळं चालायचं. नव्या इमारतीत मायवान पद्धतीचं बांधकाम. विटा नाहीतच, खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या. त्यात फर्निचरवाल्याने राऊटर टीव्हीमागच्या बंद कप्प्यात कोंबला, का तर वायरी दिसायला नकोत.

सासूबाई रात्री उठतात, म्हणून त्यांच्या खोलीत आवाजावर लागणारा बल्ब बसवला होता. त्या आपल्या खास परळी हिंदीत हुकूम सोडायच्या आणि स्पीकर सांगायचा, उपकरण प्रतिसाद देत नाही. मग अंधारात चाचपडत बाथरूम. गणपतीत सगळे जमले असताना नणंदेच्या यजमानांनी (ऐरोलीला आयटीत आहेत) निकाल दिला, "आई भिंतीवरचं बटण बंद करतात, दुसरं काही नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने त्या बटणावर सेलोटेप चिकटवली. ते बघून माझं डोकं फिरलं.

कारण त्याच वेळेला स्वयंपाकघरातला प्लग आणि गीझरही ऑफलाइन जात होते. सासूबाईंच्या खोलीतल्या बटणाने गीझर कसा सुटेल? राऊटरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला तर उत्तर समोरच होतं. चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली राऊटरची गल्ली, 'ऑटो'वर होता. इमारतीत दर घरात एक राऊटर, त्यामुळे आमचा मध्यरात्री कमी गर्दीचा चॅनेल शोधून तिकडे उडी मारायचा. फोन निमूट मागोमाग जातो. स्वस्तातल्या उपकरणाची चिप कधी जाते, कधी हरवते, आणि बंद-चालू केल्याशिवाय परत येत नाही.

मी चॅनेल ठरवून टाकला. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत, त्यातला जिथे शेजाऱ्यांची गर्दी कमी तो घ्या. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. २.४ ला वेगळं नाव दिलं, पासवर्डची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए२ ठेवली, कारण जुनी उपकरणं त्याच्या नव्या आवृत्तीला, डब्ल्यूपीए३ला, बिचकतात. आणि राऊटर कप्प्यातून काढून हॉलच्या भिंतीवर उंच, उघडा लावला. अ‍ॅपमध्ये सिग्नल उणे ८० च्या घरात दिसायचा, तो उणे ६० च्या आसपास आला (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). दिसतो वाईट, मान्य. राऊटर दिसायलाच हवा, ज्यांना शोभा हवी त्यांनी कुंडी ठेवावी.

भावोजींचा उपाय होता मेश, म्हणजे घरभर एकमेकांना जोडलेले वायफायचे डबे. मेश वाईट नाही, पण दोन डब्यांमध्ये वायर ओढणार असाल तरच. अशा भिंतींमधून बिनतारी जोडला की दुसऱ्या डब्यालाच सिग्नल अर्धामुर्धा मिळतो, तो बल्बला काय देणार? हे मी त्यांना विचारलं, तेव्हा मोदक वाढायची वेळ झाली होती.

तुमच्याकडे सगळी उपकरणं एकदम जातात की एकच, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकदम जात असतील तर राऊटर तपासा. एकच जात असेल तर जागा बघा: आरशाचं कपाट, गीझरची टाकी, स्विचबोर्डमागची पत्र्याची पेटी. आणि अ‍ॅप ऑफलाइन म्हणतं तेव्हा कधी कधी वायफाय ठीक असतं, नेट गेलेलं असतं. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर सगळं सोडा आणि केबलवाल्याला फोन करा, रस्ता कुठेतरी खणलेला असणार.

हे सगळं काँक्रीटच्या घराचं झालं. गिरगाव-दादरच्या जुन्या जाड भिंतींच्या घरात राहत असाल तर हिशोब थोडा वेगळा. घर कसंही असो, उपकरणं गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) टाकू नका, फोनला ती घरातल्या घरात सापडत नाहीत. राऊटर नेटवाल्याचा असेल आणि सेटिंग उघडत नसेल तर कस्टमर केअरकडून २.४ चं नाव वेगळं करून मागा. होत नाही म्हणाले तर तासाभराने पुन्हा फोन करा, दुसरा माणूस उचलतो. त्यानेही नाही म्हटलं तर मात्र राऊटर बदला.