श्रीखंडाच्या डब्यातला दवाखाना

प्रश्न : ताई, माझा सातवीतला मुलगा दर आठवड्याला गुडघे फोडून घरी येतो. परवा विळीवर माझंच बोट कापलं आणि घरात साधी पट्टी सापडेना. औषधांची पेटी नेमकी कशी भरावी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : 31 वर्षं नर्स होते मी, तरी माझी पेटी म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा. झाकण घट्ट हवं, बस्स. त्यात निर्जंतुक गॉजची पाकिटं, दोन रोलर बँडेज, चिकटपट्टी, छोट्या तयार पट्ट्या, पोव्हिडोन आयोडीनचं मलम, मुरगळण्यासाठी क्रेप बँडेज, कात्री आणि काटा काढायला चिमटा. कापूस थेट जखमेवर नको. तंतू चिकटतात आणि सोडवताना पोरगं घर डोक्यावर घेतं.

गुडघा आधी नळाखाली नीट धुवा, मलम नंतर. बोटातून रक्त येत असेल तर गॉज सलग 10 मिनिटं दाबून धरा. थांबलं का म्हणून मध्येच उचलायचं नाही (मलाही मोह होतो!). न थांबल्यास किंवा जखम खोल असल्यास थेट दवाखाना. भाजलं तर डब्याकडे धावूच नका : 20 मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट दात घासायला राहू द्या.

आणि हो, विळी गंजकी असो वा चकचकीत, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर आजच डॉक्टरांना विचारा. डबा फडताळात वर ठेवा, पण कुठे आहे ते मुलाला दाखवून ठेवा.